दुसरा वार्षिक अहवाल

वार्षिक अहवाल हा प्रकार मी गेली बावीस वर्षं हाताळतो आहे. आमच्या बँकेचा अहवाल गुळगुळीत कागदावर छापतात, पहिल्या पानावर चेअरमनसाहेब हसत असतात आणि शेवटच्या पानापर्यंत पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, “मामा, एक अ‍ॅन्युअल रिपोर्ट ऐकवतो,” तेव्हा बी.कॉम. झालेल्या माणसाला जितका आनंद होऊ शकतो तितका मला झाला. ‘ऐकवतो’ म्हणजे काय, हे मात्र विचारायचं राहिलं.

नाव ‘द सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट’, साल १९७७. काढणारी मंडळी लंडनची, थ्रॉबिंग ग्रिसल. (या नावाचा अर्थ भाच्याने मला गॅलरीत नेऊन सांगितला. घरात मी तो सांगितलेला नाही.) गंमत अशी, की हा त्यांचा पहिलाच अल्बम. पहिलाच अहवाल आणि नाव दुसरा! आमच्याकडे असं झालं असतं तर ऑडिटरने ‘मागचा कुठाय?’ म्हणून तीन दिवस कपाटं उपसायला लावली असती. कव्हर पांढरंफटक, पहिल्या खेपेच्या प्रती ७८५. आमच्या कोपऱ्यावरच्या पतपेढीचे सभासद याहून जास्त असतील.

मंडळी चार. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुट्टी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर. यांची मुळं ‘कॉम ट्रान्समिशन्स’ या कलापथकात. ऑक्टोबर १९७६ मध्ये या पथकाने लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये असं प्रदर्शन भरवलं, की निकोलस फेअरबर्न नावाच्या खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवून टाकलं. खासदाराने असं प्रशस्तिपत्र दिल्यावर कुणाचं बस्तान बसणार नाही? त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली, हॅकनीतल्या एका जुन्या कारखान्याच्या तळघरात तालीम चालू केली आणि या संगीताला कारखान्याचंच नाव दिलं. पुढे जगभर ‘इंडस्ट्रियल’ म्हणून जे काही गरगरलं त्याचं बारसं इथलं.

आता प्रत्यक्ष ऐकणं. भाच्याने तांब्याएवढा स्पीकर टीपॉयवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा जुना मिक्सर उभा राहिला. त्यात कोणीतरी चमचा विसरलं होतं तो दिवस. कार्टरने स्वतः जोडलेली यंत्रं घरघरत होती, क्रिस्टोफरसनच्या टेपा मध्येच कुणाचं तरी बोलणं ओकत होत्या, कोझीबाईंची गिटार किंचाळत होती आणि पी-ऑरिज नळातून बोलावं तसं काहीतरी बोलत होते. पहिल्या बाजूला खरं म्हणजे गाणी दोनच. एक तीनदा, दुसरं चारदा. गाव वेगळं, रात्र वेगळी, गाणं तेच. एकच व्हाउचर तीनदा पोस्ट केल्याबद्दल आमच्याकडे एकाला मेमो मिळाला होता.

पण तिसऱ्या फेरीला माझ्यातला कारकून जागा झाला. हा खरोखरच अहवाल आहे! वर्षभरात कुठे काय वाजवलं, त्याची ही नोंद. मार्चअखेरीला आम्ही ठेवी फुगवून दाखवतो, तसा प्रकार इथे नाही. बिघडलेलं ते बिघडलेलंच ठेवलेलं आहे. असा ताळेबंद मी सही करून पुढे पाठवला असता.

सही करताना दोन शेरे मात्र लाल शाईत मारले असते. त्या तीनदा येणाऱ्या गाण्यात एक खुनी स्वतःच्या तोंडाने जे वर्णन करतो ते इथे सांगण्यासारखं नाही. ते ऐकून अंगावर काटा येतो, पण काटा काय, झुरळानेही येतो. दुसरा शेरा कंपनीच्या बोधचिन्हावर. ते धुरकट चित्र दिसायला कारखान्याचं, पण आहे ते ऑशवित्झच्या छळछावणीतल्या दहनभट्टीचं. लोकांना हादरवण्यासाठी दुसऱ्यांचं मरण असं लेटरहेडवर छापावं, हे मला पटलेलं नाही. भाचा म्हणाला, “मामा, त्यांना हेच दाखवायचं होतं.” असेल. पण आमच्या खिडकीवर येणारा प्रत्येक कर्जदारही शेवटी हेच म्हणतो, की हेतू चांगला होता.

एवढ्यात भाच्याने आवाज वाढवला आणि आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दोन साचे, पाळीचे आठ तास, धोट्यांचा अखंड खटखटाट. तिथे माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यांत बाबाही. मी तेव्हा तीन वर्षांचा. संपानंतर गिरणी गेली आणि बाबांचे कानही जवळजवळ गेलेलेच होते. घरात ते ओरडून बोलायचे. आम्ही मुलं समजत होतो, की संपाचा राग आहे.

“आजोबा, हे कारखान्याचं संगीत आहे,” भाचा त्यांच्या कानाशी ओरडला.

बाबांनी मिनिटभर ऐकलं. “कुठला कारखाना? साच्याला ताल असतो. ताल चुकला की जॉबर धावत येतो. हा साचा जॉबरने कधीच बंद केला असता.”

माझी सगळी समीक्षा त्यांनी एका वाक्यात उरकली. मी चहा टाकायला उठलो. तेवढ्यात भाच्याने दुसरी बाजू लावली.

दुसऱ्या बाजूला वीस मिनिटांची एकच चीज आहे, त्यांच्याच एका चित्रपटाची. इथे आरडाओरडा संपतो. खालून एक घुमणारा आवाज, लांब कुठेतरी गिटार, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मला विचाराल तर अल्बमचं भांडवल या बाजूला आहे. पहिली बाजू बघा बघा म्हणून खांद्याला हलवते, ही नुसती शेजारी येऊन बसते. चहा घेऊन आलो तर बाबा सोफ्यावर बसले होते. स्पीकर उचलून त्यांनी डाव्या कानाला लावला होता.

“हा आवाज,” ते म्हणाले.

“कसला, बाबा?”

“हिशेब घ्यायला गेलो होतो तेव्हा साचेखात्यात जाऊन उभा राहिलो. सगळे साचे बंद. तरी हा आवाज येत होता. मला वाटलं, गिरणीतून येतोय. घरी आलो तरी येतच होता.” मग भाच्याकडे वळून, “याला पैसे पडतात?”

“थोडे पडतात, आजोबा.”

“मला चाळीस वर्षं फुकट ऐकू येतोय.”

चाळीस वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “आवाज सांगणार कसा? तोंडाने काढून दाखवू?”

त्या शनिवारी आम्ही तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, “कानात शिट्टी वाजते, घंटा वाजते, की नुसतं गुणगुणतं?” बाबांनी भाच्याला खूण केली. भाच्याने खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवून दुसरी बाजू लावली. बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“असा,” बाबा म्हणाले. “फक्त जरा बारीक. आणि ती गिटार नाही.”