पुन्हा भरवसा ठेवायचा, पण कुणावर?

आज आपण कॉलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची ‘इट स्टार्ट्स विथ अस’ ही २०२२ सालची कादंबरी चर्चेला घेतली आहे. प्रेमकथा म्हटलं की आपण जरा नाक मुरडतो. दुखावलेली बाई, समजूतदार पुरुष, गोड शेवट. यात बोलण्यासारखं ते काय? पण एक प्रश्न ही कादंबरी मनापासून विचारते. एकदा पोळलेला माणूस पुन्हा विश्वास ठेवायला शिकतो, म्हणजे नेमकं काय शिकतो?

त्यासाठी आधी मागचा भाग बघायला हवा. ‘इट एण्ड्स विथ अस’ आली २०१६ मध्ये. बॉस्टनमध्ये फुलांचं दुकान चालवणारी लिली, तिचा न्यूरोसर्जन नवरा राइल आणि किशोरवयातलं तिचं प्रेम असलेला ॲटलस. लिलीचे वडील आईला मारायचे. आई का राहिली, हा राग लिलीच्या मनात कायम होता. आणि पुढे तिच्यावरही राइलचा हात उठतो. पहिल्या वेळी राइलचा हात ओव्हनमधल्या भांड्याने भाजलेला असतो, ती हसते, तो तिला ढकलतो. तिथे आपण वाचकही त्याच्या बाजूने सबबी शोधायला लागतो. चुकून झालं असेल, दमला असेल... हे हूवरचं खरं यश आहे. बाई का राहते, हे ती सांगत बसत नाही, आपल्यालाच थोडा वेळ तिथे राहायला लावते.

आता बघा, यात लिलीचं काय मोडलं? पुरुषांवरचा विश्वास, असं पटकन म्हणता येईल. आम्हाला ते अपुरं वाटतं. मोडली ती स्वतःच्या पारखीवरची श्रद्धा. ‘मी आईसारखी वागणार नाही’ म्हणणारी मुलगी स्वतःच त्या जागी सापडली. मग ‘हा माणूस चांगला आहे’ असं तिचं मन सांगत असेल, तर त्या मनावर तरी तिने का विसंबावं? सावरायचं आहे ते इथे.

दुसऱ्या भागात हे सगळ्यात नीट दिसतं ते लिलीच्या डायऱ्यांमधून. लहानपणी तिने त्यात ॲटलसबद्दल सगळं लिहिलेलं असतं. पहिल्या कादंबरीत राइल त्या तिला न विचारता वाचतो आणि त्याच रात्री सर्वांत भीषण प्रसंग घडतो. दुसऱ्या कादंबरीत तीच पानं ती आपणहून ॲटलसला वाचायला देते. पानं तीच, फरक फक्त परवानगीचा. पण आमच्या मते सगळी कादंबरी त्या फरकात आहे. विश्वास म्हणजे आपली किल्ली आपल्या हाताने देणं. कुलूप फोडून आत आलेल्याला ‘आता माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणायचा हक्क उरत नाही.

आता आमची तक्रार. ॲटलस फार चांगला आहे हो! समंजस, कर्तबगार, स्वतःचं रेस्टॉरंट चालवणारा, धाकट्या सावत्र भावाला जवळ करणारा. तो कुठे चुकतच नाही. मग लिलीचा विश्वास पणाला लागतो कुठे? जिथे धोका नाही तिथे भरवसा टाकायला काय लागतं? वाचकांच्या आग्रहाने लिहिलेल्या या भागात लेखिकेने नायिकेला सुख बहाल केलं, ते समजण्यासारखं आहे. पण बहाल केलेलं सुख आणि सावरणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

गंमत अशी की खरी परीक्षा कादंबरीत आहे, ती प्रेमाच्या धाग्यात नाही. राइल हा लिलीच्या मुलीचा बाप आहे. त्याला आयुष्यातून खोडून टाकता येत नाही. मग ती अटी घालते: रागावर ताबा ठेवायचं शिक्षण घ्यायचं आणि मुलीला भेटायचं ते विश्वासातलं माणूस समोर असताना. इथे क्षमा नाही, सूडही नाही. जेवढा भरवसा कमावलास तेवढाच मिळेल, असा हिशेब आहे. आणि हा हिशेब मांडताना ती पहिल्यांदा स्वतःच्या भीतीला खरं मानते. आधी याच भीतीला ती ‘मीच जास्त विचार करते’ म्हणून गप्प बसवत होती.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: या कादंबरीतला सगळ्यात महत्त्वाचा ‘हो’ ॲटलसला दिलेला नाही. तो लिलीने स्वतःला दिलेला आहे. कादंबरी वाचणार असाल तर चुंबनांची पानं आवडीने वाचाच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त अटींची पानं घाईत उलटू नका.