दशावतार आणि राक्षसाचा गळा

मराठी रंगभूमीचे बालपण गोड गळ्यांच्या संगतीत गेले, अशी आपणा सर्वांची एक लाडकी समजूत आहे. बालगंधर्वांच्या आठवणीने ती पक्की केली. पण १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले आणि त्यामागून पौराणिक खेळांच्या मंडळ्या गावोगाव हिंडू लागल्या, तेव्हा प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राही तो काही पदांनी नव्हे. राळेच्या भपक्यात तलवारी परजीत राक्षस येत आणि ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत. ती आरोळी इतकी लोकप्रिय झाली की पुढच्या सुशिक्षितांनी त्या सबंध नाट्यप्रकारालाच ‘अललडुर्र नाटके’ हे थट्टेचे नाव देऊन टाकले. थट्टा झाली आणि आरोळी आपल्या अभिरुचीतून हद्दपार झाली. ती गेली कुठे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

मला तिचा पत्ता एका ध्वनिमुद्रिकेत लागला. तिचे नाव ‘दशावतार’. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या वाद्यवृंदाने ती २०१७ साली काढली. साहिल मखिजा या तरुणाने हा वृंद २००० साली उभा केला, गाणारा तोच. २०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ या इंग्रजी मासिकाने या मंडळींना पुरस्कार दिला, २०१४ मध्ये जर्मनीतल्या वाकनच्या विख्यात महोत्सवात ती वाजवून आली. त्यानंतर त्यांनी मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी बांधली. विष्णूचे दहा अवतार हा विषय, मुंबई हे गाव, आणि तरीही मराठी नियतकालिकांत या कृतीचे एकही परीक्षण माझ्या पाहण्यात आले नाही. दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी हा विषय वाढल्याबद्दल वाचक मला क्षमा करोत. पण ताटात एखादी झणझणीत चटणीही हवीच की!

या संगीतप्रकाराला ‘डेथ मेटल’ म्हणतात. नाव अभद्र खरे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत, विशेषेकरून फ्लॉरिडात, तो आकाराला आला. तिथल्या एका वृंदाने तर स्वतःचे नावच ‘डेथ’ ठेवले होते. त्याची पहिली तबकडी १९८७ ची. या प्रकाराची लक्षणे तीन. गिटारीचा सूर विजेच्या यंत्रातून मुद्दाम फाडलेला आणि खाली उतरवलेला. ढोलांचा मारा इतका जलद की ठोके वेगळे ऐकू येण्याऐवजी त्यांची एक भिंतच उभी राहावी. आणि गायन म्हणाल तर गुरगुर. ही गुरगुर म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे. स्वरतंतूंच्या वर मांसाच्या आणखी दोन पट्ट्या असतात. त्या थरथरवून हा आवाज काढतात. रियाजावाचून तो साधत नाही, आणि चुकीने काढला तर गळा बसतो. तेव्हा ‘याला कसली आली साधना’ हा पहिला आक्षेप येथेच मिटावा.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. तो जुहूच्या रहिवाशाने घ्यावा हे मला जरा गमतीचे वाटते. अनंत चतुर्दशीला आमच्या किनाऱ्यावर ढोल-ताशे वाजतात तेव्हा खिडक्यांची तावदाने हलतात, आणि आम्ही हात जोडून उभे असतो. याच जुहूला, जुहू हॉटेलात, ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ नावाचा एक अड्डा होता. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या रॉक आणि मेटल वाजविणाऱ्या पोरांना उभे राहायला जी थोडी ठिकाणे होती त्यांत तो एक. आता तो नाही. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात अनेक वर्षे भरे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तेथलेही ध्वनिवर्धक मुके झाले. रुग्णालयांशेजारी शांतता हवी, याबद्दल दुमत नाही. पण एका पिढीच्या संगीताला शहराने दुसरी जागा दिली नाही, याची खंत त्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी तरी करायला हवी होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. देवाची कथा राक्षसाच्या गळ्याने सांगता येते काय?

आपल्या परंपरेत या दोन आवाजांची वाटणी ठरलेली आहे. सिंधुदुर्गातल्या देवळांपुढे दशावताराचा खेळ रात्रभर चालतो. आधी ‘आड दशावतार’ होतो. त्यात गणपती, सरस्वती येतात, आणि वेद पळविणारा काळाकभिन्न संकासुर येतो. तो मालवणीत बोलतो, लोकांना हसवतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. मृदंग, झांज आणि पायपेटी या तिघांच्या जोरावर देव-दैत्यांचे युद्ध असे पेटते की निजलेली मुले उठून बसतात. परंतु तेथे आरोळी दैत्याची आणि गाणे देवाचे, हा संकेत मोडत नाही. ‘दशावतार’ या ध्वनिमुद्रिकेने नेमका तोच मोडला. येथे खुद्द अवतारकथाच गुरगुरत येते. मखिजा मधूनमधून सरळ, उघड्या गळ्याने गातो. पण कथेचा मोठा भार त्या दुसऱ्या गळ्यावरच आहे.

मला हे बंड नुसते खपवून घ्यावेसे वाटत नाही, ते पुष्कळ अंशी सार्थ वाटते. पहिले चार अवतार आठवा: मासा, कासव, रानडुक्कर आणि अर्धा सिंह. हे काही गोड गळ्याचे देव नव्हेत. प्रलयाचे पाणी, पाठीवर घुसळला जाणारा मंदार, दातांवर तोललेली पृथ्वी, खांबातून फुटलेली गर्जना! या कथा आपण कीर्तनांतून आणि कॅलेंडरांवरच्या चित्रांतून इतक्या गुळगुळीत करून टाकल्या की त्यांतले भय निघून गेले. नरसिंहाचे चित्र देवघरात लावून त्याखाली आपण निवांत चहा पितो. ही तबकडी ते भय परत आणते. ‘नरसिंह’ ऐकताना देव हा आपल्या सोयीचा नसतो, हे एकदम उमगते. भाचा मला हे गाणे ऐकवीत होता तेव्हा त्याच्या आईने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. खांब फुटला तेव्हा हिरण्यकशिपूच्या सभेनेही याहून निराळे काही केले असेल असे मला वाटत नाही.

पण भरतमुनींनी एक मोठी मर्माची गोष्ट सांगून ठेवली आहे. रौद्रापासून करुण उपजतो, वीरापासून अद्भुत. म्हणजे क्रोध हा मुक्काम नव्हे, तो रस्ता आहे. या कसोटीवर ही कृती सर्वत्र उतरत नाही. नरसिंहाच्या मांडीवर दैत्य आहे खरा, पण शेजारी हात जोडलेला लहानगा प्रल्हाद मला ऐकू येत नाही. आणि तो नसेल तर नरसिंह नुसता सिंहच. वामन तर याहून अवघड. बटूच्या कथेचा सारा चमत्कार लहानपणात आहे. तीन पावले मोठी वाटायची तर आधी पाऊल लहान असले पाहिजे. प्रारंभापासूनच विराट असलेल्या नादाला वाढायला जागा उरत नाही. जेथे सरळ गाणे गुरगुरीला छेद देते, तेथेच अवताराला माणूसपण येते. असे छेद आणखी हवे होते.

जयदेवाने बाराव्या शतकात ‘गीतगोविंदा’त एकेका कडव्यात एकेक अवतार बसविला आणि कल्कीची तलवार व बुद्धाची करुणा यांना एकाच चालीत नांदवले. येथे नववे गाणे बुद्धाचे आहे, आणि तेथे माझे मन अडते. महाराष्ट्रात हे स्थान निर्वेध नाही. १९५६ साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी जी बावीस प्रतिज्ञांची दीक्षा दिली, तीत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. मुंबईच्या कलावंताने परंपरेची यादी जशीच्या तशी उचलावी आणि या नकाराचा एक सूरही आपल्या रचनेत येऊ देऊ नये, हे मला उणे वाटते. संकेत मोडायलाच निघालेल्याने हा संकेत का पाळावा?

आणखी एक उणीव. शब्द इंग्रजी आहेत, त्याला माझी हरकत नाही. पण प्रत्येक अवताराच्या नावापुढे त्याचा इंग्रजी खुलासा जोडला आहे: मत्स्य म्हणजे मासा, कूर्म म्हणजे कासव. स्वतःच्या आजीची ओळख पाहुण्यांना करून द्यावी तसा हा प्रकार. परदेशी श्रोत्यासाठी तो केला असेल. पण खुलाशाने गूढ उणावते. भारतीय वाद्यांच्या रंगाचेही काहीसे तसेच झाले आहे. तो तोरणासारखा दाराला शोभतो, घराच्या पायात शिरत नाही. आपल्या तालाच्या आवर्तनावरच एखादे गाणे उभे राहिले असते, तर ही तबकडी केवळ धाडसी न राहता थोर झाली असती.

तरीही मी ती थोरामोठ्यांच्या घरात शिरावी असे म्हणतो. नवे काही ऐकताना आपण ‘हे संगीत आहे का?’ असे विचारतो. ‘यात कोणता रस आहे?’ हा प्रश्न अधिक न्यायाचा, आणि आपल्या परंपरेला अधिक शोभणारा. भयानक आणि बीभत्स हे रस भरतानेच आठांत बसविले. त्यांना घराबाहेर आपण काढले. या दिवाळीत घरातल्या पोराने कानांत घातलेल्या त्या दोन गोळ्यांपैकी एक मागून घ्यावी आणि ‘नरसिंह’ शेवटपर्यंत ऐकावा. आवडला नाही तर तसे सांगावे, आणि का आवडला नाही तेही सांगावे. पोराला टीका चालते. दार लावून घेतलेले त्याला चालत नाही.