उभ्या तिचाकीचा ब्रेक

दुचाकी मोटरसायकल स्टँडवर टेकते, म्हणून तिला वेगळा पार्किंग ब्रेक सहसा लागत नाही. तीन चाकांची मोटरसायकल स्वतःच उभी राहते. पण उतारावर घरंगळते. ५०० किलोग्रॅमची गाडी दहास एक चढावर असेल, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे ४९० न्यूटन भरते.

'गिअरमध्ये ठेवा' हा सल्ला आम्हांला अपुरा वाटतो. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पिस्टनच्या कड्यांजवळून निसटते आणि गाडी थोडी थोडी सरकते. पियाजिओच्या एमपी३ मध्ये (२००६) तर केंद्रोत्सारी क्लच आहे. इंजिन बंद पडले की त्याचा चाकांशी संबंधच तुटतो.

हौशी मंडळी ब्रेक दाबून तेलाच्या नळीतली झडप बंद करतात. ही युक्ती स्वस्त आहे, एवढेच तिचे समर्थन. तेल जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे जराशी गळती झाली, किंवा तापलेले तेल निवून आकसले, की दाब झपाट्याने उतरतो. आणि हे कळते ते गाडी चालू लागल्यावर! केबलचा ब्रेक गंजतो, सैल पडतो, या तक्रारी खऱ्या आहेत. तरी आमची पसंती त्यालाच, कारण ताणलेली केबल थोडी झीज सामावून घेते. सोबत चाकाखाली पाचर हवी. ट्रकवाले दगड लावतात, ते शास्त्राला धरूनच आहे.

वर्गात दोन सिरिंजा घ्या, एकीत पाणी, दुसरीत हवा. तोंड बंद करून दट्ट्या दाबा, मग किंचित मागे सोडा. कोणती अजून बोटाला ढकलते, ते मुलांनाच सांगू द्या.