दर्या आणि दऱ्या : एका ग्राफिक्स लायब्ररीच्या स्थलांतराची चिकित्सा

एखादी ग्राफिक्स लायब्ररी परक्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘चालू झाली’ असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा त्या विधानाचा नेमका अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांचा आहे. परंतु त्याचे उत्तर देताना मराठीच्या अभ्यासकाने मौन पाळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. वसई परिसरातील सामवेदी बोलीची एक शब्दयादी छापावयाची होती. त्यासाठी विरारच्या एका विद्यार्थ्याने आपला जुना बत्तीस बिटांचा संगणक देऊ केला. त्यावर हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. बी या अमेरिकन कंपनीची बीओएस ही प्रणाली २००१ मध्ये ती कंपनी विकली गेल्यावर अनाथ झाली. तिची पुनर्रचना स्वयंसेवकांनी त्याच वर्षी आरंभिली आणि २००४ मध्ये तिला हे नाव दिले. (शिरीष पै यांनी मराठीत रुजविलेल्या काव्यप्रकाराचेच हे नाव होय. जुन्या बीओएसमधील ब्राउझर आपल्या चुका हायकूंतून कळवीत असे!)

यादी छापणाऱ्या कार्यक्रमास कैरो ही लायब्ररी हवी होती. हायकूसाठी ती सिद्ध करून ठेवणारे स्वयंसेवक आहेत आणि त्यांचे काम चोख आहे. तथापि कोणता भाग कोणते कार्य करतो हे पाहावयाचे असल्यामुळे आम्ही मूळ संहितेपासून बांधणी केली. पहिल्या अडचणी अपेक्षित अशाच निघाल्या. गणिती फलनांची ‘लिबएम’ ही वेगळी लायब्ररी हायकूत नाही. ती फलने ‘लिबरूट’ या मूळ लायब्ररीतच सामावलेली असल्यामुळे ‘लिबएम जोडा’ ही इतरत्र निरुपद्रवी असणारी आज्ञा येथे बांधणी थांबविते. जुन्या कार्यक्रमांशी नाते टिकावे म्हणून बत्तीस बिटांच्या हायकूने १९९९ मधील जीसीसी २.९५ हा कंपायलर जपून ठेविला आहे. आजची सी प्लस प्लस भाषा त्यास उमगत नाही. नवा कंपायलर आहे, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. या तपशिलात अधिक शिरण्याचे कारण नाही.

एक अडचण मात्र आमच्या शास्त्राला परिचित आहे. फ्रीटाइप ही लायब्ररी फॉन्टमधील एकेका आकृतीचे रेखन करते. हार्फबझ ही त्या आकृत्यांची निवड व क्रम ठरविते. हार्फबझला फ्रीटाइप हवी, आणि फ्रीटाइपच्या अनेक आवृत्त्यांना रेखन सुबक करण्यासाठी हार्फबझ हवी. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणून दोष मानतात. बांधणी करणारे मात्र फ्रीटाइप एकदा अपुरी बांधतात, तिच्या आधारे हार्फबझ बांधतात आणि मग फ्रीटाइप पुन्हा बांधतात. कोश आणि व्याकरण यांचेही असेच चालत नाही काय?

कैरो बांधून झाली. तिने वर्तुळे काढली, रेषा काढल्या, आणि विद्यार्थ्याने ‘वसई’ हा शब्द उमटवून दाखविला. शब्द निर्दोष होता, परंतु ही कसोटीच नव्हती. ‘वसई’ या शब्दात ना वेलांटी, ना जोडाक्षर; तीन आकृत्या ओळीने मांडल्या की झाले. मी ‘विरार’ लिहावयास सांगितले. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न येता त्याच्या पुढे जाऊन ‘र’वर बसली, आणि गावाचे नाव ‘वरिार’ असे काहीतरी झाले. कैरोमधील मजकूर उमटविण्याचा सोपा मार्ग चिन्हे ज्या क्रमाने साठविली त्याच क्रमाने मांडतो. उच्चारक्रम आणि लेखनक्रम यांतील देवनागरीचा भेद त्यास ठाऊक नाही. तो हार्फबझला ठाऊक आहे, आणि ओळी व परिच्छेद लावणाऱ्या पँगोमार्फत तिला कामास लावावे लागते. सारांश, कंपायलरने एकही दोष न दाखविता सिद्ध झालेली लायब्ररी विरारमध्ये विरारचे नाव लिहू शकत नव्हती. यास ‘चालू झाली’ असे म्हणणे मला मान्य नाही.

पँगो आल्यावर ‘विरार’ सुधारले. पुढे खरा प्रश्न उभा राहिला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, ‘आचार्यास’ गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ स्वयंपाक करणाऱ्याला. पहिल्यात ‘र्’ मागील अक्षराला मिटवितो, म्हणून ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यात तो ‘य’कडे जातो आणि ‘द’ लघूच राहतो. भेद व्यंजनाचा नसून अक्षरसीमेचा आहे. युनिकोडने हा भेद लिहिण्यास दोन वाटा ठेविल्या आहेत. एक, ‘र्’पुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह घालावयाचे, दुसरी, ‘ऱ’ या वेगळ्या वर्णास हलन्त करावयाचे. हा ‘ऱ’ युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याचे विघटन ‘र’ अधिक नुक्ता असे दिलेले आहे. मराठीची अक्षरसीमा अशा रीतीने दुसऱ्या भाषाकुलाच्या वर्णाकडून उसनी आणलेली आहे. वर्णनाच्या दृष्टीने ही व्यवस्था मला सदोष वाटते. व्यवहारात मात्र तिचाच आधार आहे.

हार्फबझच्या कर्त्यांनी हे ओळखलेले दिसते. भारतीय लिप्यांच्या विभागात त्यांनी विघटनाचे जे अपवाद नोंदविले आहेत, त्यांत ‘ऱ’चा अपवाद आहे : याचे विघटन करू नये. ही एक ओळ नसती, तर ‘दऱ्या’तील ‘ऱ्’ नुक्ता लावलेला ‘र’ म्हणून फॉन्टपुढे गेला असता आणि त्याचे काय झाले असते ते त्या फॉन्टवर अवलंबून राहिले असते. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. त्या लायब्ररीने आपले नाव येथे सार्थ केले आहे.

तरीही आमच्या यादीच्या पहिल्या छपाईत असा प्रत्येक ‘ऱ्’ साध्या रफारासारखा उमटला. दोष लायब्ररीचा नव्हता. यादी अदृश्य चिन्हाच्या पद्धतीने लिहिलेली होती, आणि ती आणताना वापरलेल्या एका रूपांतर-कार्यक्रमाने ती चिन्हे निरुपयोगी समजून पुसून टाकली होती. कोणतीही सूचना आली नाही. ‘विरार’ बिघडले तर ते कोणासही दिसते. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर वाचक तो खराच शब्द समजून पुढे जातो. ज्या बोलीचे लिखित साहित्य थोडे, तिच्या यादीत असा दोष राहिल्यास पुढील अभ्यासक त्यालाच उच्चाराचा पुरावा मानील.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा प्रश्न त्यामानाने गौण आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती वळणे प्रमाण ठरविली असून, सोय असलेल्या फॉन्टांतून ती मिळतात. मात्र मजकुराची भाषा मराठी आहे असे हार्फबझला सांगावे लागते. आमच्या संगणकाची भाषा इंग्रजी ठेविलेली होती, म्हणून हिंदी वळणाचा ‘ल’ आला. डोळ्यास खटकले, अर्थ बिघडला नाही.

यादी आता ‘ऱ्’च्या पद्धतीने पुन्हा लिहून झाली आहे. तीत नंतर भर घालणाऱ्या दोघांनी अदृश्य चिन्हाचीच सवय ठेविल्यामुळे काही शब्द दोन ठिकाणी आले. कागदावर ते सारखेच दिसतात, शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. त्यांची जुळवणी सध्या हाताने चालू आहे.