साचा मात्र गोराच

रेझिनच्या बाहुल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरच्या पानावर हल्ली गोल टिकल्यांची रांग दिसते. व्हाइट, नॉर्मल, पीच, सनटॅन, टॅन, ब्राउन, चॉकलेट. टिकली निवडली की चित्रातला चेहरा त्या रंगाचा होतो. चेहरा तोच असतो. तीच चिमुकली जिवणी, तेच टोकदार नाक, डोळ्यांच्या त्याच अवाढव्य खोबण्या, आणि ओठांवर तोच फिका गुलाबी रंग. पडद्यावर जे संगणक करतो तेच पुढे कारखाना करतो: तयार साच्यात वेगळा रंग ओततो. संग्राहक मंडळी खूश आहेत, केवढी विविधता आली म्हणून. मला या टिकल्यांची रांग जितकी लांबते तितका राग येतो. त्वचेचा रंग हा शिल्पाचा भाग आहे, तो माती हातात घेताना ठरतो, ही साधी गोष्ट या कलेनं पंचवीस वर्षांत शिकून घेतलेली नाही आणि आता तर ती शिकायची गरजच उरली नाही असा सगळ्यांचा समज झाला आहे.

क्योतोच्या व्होल्क्स कंपनीचं पांढरेपण मी या आरोपातून वगळतो. 1999 मध्ये तिची रेझिनची बाहुली सुपर डॉल्फी आली ती गॅरेज किटच्या, म्हणजे रेझिनच्या छोट्या मूर्तिसंचांच्या, कारागिरांच्या हातून, पण तिच्या मागे जपानी बाहुलीची मोठी परंपरा उभी होती. हिना बाहुल्या, इचिमात्सु बाहुल्या यांच्या चेहऱ्यावर शिंपल्यांच्या भुकटीचा, म्हणजे गोफुनचा, थरावर थर चढवून घासून जो पांढरा काढतात, तो कोणा माणसाच्या कातडीचा रंग नव्हेच. जर्मन कलाकार हान्स बेल्मरच्या बाहुलीचे फोटो पाहून दिशा बदललेल्या जपानी बाहुलीकार योत्सुया सिमोननंही चेहऱ्याचा तो शांत फिकट पृष्ठभाग सोडला नाही. सुपर डॉल्फीचे उतार त्या पांढऱ्यासाठीच घडवलेले आहेत. गाल उथळ, पापणीची कड मऊ, ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम सावली. ती एवढीशी सावलीच भाव घेऊन येते, कारण पांढऱ्यावर ती दिसते. नंतर आलेल्या व्होल्क्सच्या अर्धपारदर्शक प्युअरस्किन रेझिननंही तेच गणित पुढे नेलं. तिथे पांढरा हा निर्णय आहे आणि सगळा चेहरा त्या निर्णयाला जबाबदार आहे.

कोरियन कंपन्यांनी सांधे सुधारले, पाय लांबवले, जबडे रुंदावले, बाहुलीला उभं राहायला शिकवलं. पांढरा मात्र वारसाहक्कानं घेतला, विचार न करता. मग त्यात टॅन आला, तो बहुधा मर्यादित आवृत्तीत, ठरावीक मुदतीत, अनेकदा जादा पैसे घेऊन. जणू सावळेपणा म्हणजे समुद्रावर घालवलेली सुट्टी, चार दिवसांत उतरणारी. फिक्या रंगाला ‘नॉर्मल’ का म्हणायचं या वादात मला रस नाही. उद्या नाव बदलतील आणि साचा तोच ठेवतील.

बाकीचे प्रवाह झटपट उरकू. पुदिना, लव्हेंडर आणि राखी कातडीच्या पऱ्या, सूम कंपनीच्या शिंगवाल्या, खुरांच्या मूर्ती: सुरेख सजावट, पण माणसाच्या त्वचेशी त्यांचं देणंघेणं नाही. फ्रेंच रेझिनचं पारदर्शकतेचं वेड: मेणबत्तीचं सौंदर्य, एका दृष्टिक्षेपात संपणारं. व्हिनाइलच्या फॅशन-बाहुल्या आपला विषय नाहीत, पण जेसन वूच्या फॅशन रॉयल्टी मालिकेतली कृष्णवर्णीय बाहुली अडेल मकेडा पाहून रेझिनवाल्यांनी मान खाली घालायला हवी.

ज्यासाठी लेखणी उचलली ते वेगळंच आहे. काही थोडे लोक गडद रंग गंभीरपणे हाताळतात आणि त्यांच्या कामातून या माध्यमाची खरी ताकद दिसते. कंपन्यांत मी आयपलहाउसचं नाव घेईन. लाइट ब्राउन, डार्क ब्राउन, एबनी असे पायरीपायरीचे तपकिरी त्यांनी ठेवले आणि त्या रंगांना साजेसा बांधाही दिला: प्रौढ शरीर, स्नायूंचे स्पष्ट कंगोरे, गळ्याच्या हाडांची धार, भरीव ओठ. त्यांची एबनी मूर्ती खिडकीशेजारी ठेवली की खांद्यावरून उजेड घरंगळत जातो आणि छातीच्या हाडाशी अडतो. हेच अंग पांढऱ्यात ओतलं तर जरा राकट वाटतं. या कंपनीनं गडद रंग पुरवणी म्हणून जोडला नाही. शरीराची रचनाच त्याला पेलणारी केली.

असं का होतं, ते शिल्पकार सांगेल. फिक्या पृष्ठभागावर आकार कळतो तो सावलीमुळे. खाच, घडी, खोलगट जागा बोलतात. गडद पृष्ठभागावर सावली रंगात विरघळते आणि आकार कळतो तो उजेडामुळे. तिथे उंचवटे बोलतात. भुवईचं हाड, गालाचा माथा, नाकाचा दांडा, ओठांची कड, हनुवटीचा गोटा. पांढऱ्यासाठी घडवलेल्या उथळ चेहऱ्यात हे उंचवटे मुद्दाम दाबलेले असतात. त्यात तपकिरी ओतला की सावल्या नाहीशा होतात, उजेडाला थांबायला जागा नसते, आणि समोर उरतं एक गुळगुळीत, बधिर तोंड. मग म्हणायचं, ‘टॅनमध्ये हा चेहरा तितका खुलत नाही.’ खुलणार कसा? संगमरवराच्या मूर्तीचा आराखडा काळ्या पाषाणावर जसाच्या तसा उतरवला तर तोही खुलत नाही. फ्रेंच शिल्पकार शार्ल कोर्दिए एकोणिसाव्या शतकात आफ्रिकी माणसांचे अर्धपुतळे ब्राँझमध्ये घडवत होता, त्याला हे ठाऊक होतं.

आपल्याला तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उभे राहा. एकाच दरबारात गोरे, गव्हाळ, तांबूस, काळेसावळे देह शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि कोणीही कोणाची रंगवलेली नक्कल नाही. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी अशा भांडवलावर चित्रकारानं प्रत्येक देहाचा उजेड वेगळा काढला. सावळ्या चेहऱ्याच्या नाकाच्या दांड्यावर, ओठांवर, हनुवटीवर उजळ फटकारे देऊन त्यानं उंचवटे वर काढले. अमृता शेरगिल 1936 च्या अखेरीस अजिंठा पाहून गेली आणि 1937 मध्ये तिनं ‘ब्रह्मचारी’ आणि ‘वधूचा शृंगार’ रंगवली. त्या चित्रांतला तपकिरी आतून तापलेला आहे, कुठे तांबडा, कुठे जवळजवळ हिरवा. टिकल्यांच्या रांगेतल्या कुठल्या गोलात तो बसवणार?

गडद रेझिन अवघड असतं हे मान्य. दोन द्रव एकत्र करून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे. रंगद्रव्य आधी त्यात नीट घोटलं नाही तर मांडीवर संगमरवरी रेघा उमटतात. डोकं एका घाण्यातलं आणि धड दुसऱ्या घाण्यातलं असेल तर मानेशी रंग तुटतो. साच्याची शिवण घासली की तिथे फिकट चट्टा पडतो. सांधे एकमेकांवर घासून पांढुरके ओरखडे उठतात. चेहरा रंगवणाऱ्याचीही परीक्षा असते. फिके पेस्टल तपकिरीवर खडूच्या भुकटीसारखे वर बसतात. तिथे हवेत पातळ, पारदर्शक थर: डाळिंबी, विटकरी, वांगी, ओठांच्या आतल्या बाजूला किंचित गुलाबी. वर मॅट सीलंटचा फवारा दमट हवेत मारला की धुकं धरतं. पांढऱ्यावर ते लपतं, गडद रंगावर राख फासल्यासारखं दिसतं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हे काम केलेल्याला मी काय म्हणतो ते कळेल.

पण या अडचणींचं भांडवल किती दिवस करायचं? पांढरं रेझिन काय सोपं असतं? उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, आणि तेही हमखास. त्या पिवळेपणाला संग्राहकांनी हस्तिदंती, लोण्यासारखा अशी लाडाची विशेषणं चिकटवली. पांढऱ्याचा दोष वयाचं तेज ठरतो आणि तपकिरीचा दोष तक्रार ठरतो. राखी आणि जांभळट रंगांनाही हेच सगळे त्रास होतात, राखी तर काळानं हिरवटतो. तरीही कंपन्या ते रंग हौसेनं काढतात. यक्षिणीसाठी रंगद्रव्य घोटायला वेळ आहे, माणसासाठी नाही.

दुसरी सबब ऐकू येते ती खर्चाची. हिच्यात तर काहीच दम नाही. बार्बी बनवणाऱ्या मॅटेलसारख्या कंपनीला नवा चेहरा काढायचा तर धातूचे महागडे साचे करावे लागतात आणि लाखांनी नग विकावे लागतात. त्या मॅटेलनं 1967 मध्ये आपल्या फ्रान्सी या गोऱ्या बाहुलीच्याच साच्यात गडद रंग ओतून ‘कलर्ड फ्रान्सी’ काढली, आणि ती फारशी चालली नाही. दुसऱ्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये शिंदाना टॉइज उभी राहिली, तिनं बेबी नॅन्सीपासून कृष्णवर्णीय मुलांचे चेहरे मुळापासून घडवले. मॅटेलनं 2009 मध्ये ‘सो इन स्टाइल’ मालिकेतून वेगळे चेहरे आणले आणि 2016 मध्ये बार्बीच्या एकाच मालिकेत सात त्वचारंग आणि चार बांधे आले. उशीर केला, बाजार पाहून केला, पण धातूच्या साच्यांचा बोजा वाहत केला. रेझिनवाल्याचा साचा सिलिकॉनचा. तो काही नग ओतले की झिजतो आणि नवा करावाच लागतो. अनेकदा डोकं संगणकावर घडवतात, त्रिमितीय छपाईनं काढतात. या कंपन्या वर्षभर नवनवी डोकी बाजारात आणतच असतात. नवा चेहरा घडवणं ज्यांना सगळ्यांत स्वस्त पडतं, ते 1967 ची फ्रान्सी आज विकत आहेत आणि तिला समावेशकता म्हणत आहेत.

तिसरी सबब जरा हुशार आहे. ती म्हणते, सावळ्या माणसाचं नाक धारदार असू शकत नाही का? ओठ जाडच हवेत हा तुमचाच पूर्वग्रह नाही का? जरूर असू शकतं. कोल्हापूरच्या, कारवारच्या, मदुराईच्या, अदिस अबाबाच्या कुठल्याही रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर सावळ्या चेहऱ्यांचे पन्नास प्रकार दिसतील. माझं म्हणणं नेमकं तेच आहे. पन्नास प्रकार आहेत आणि त्यांतला एकही हा नाही. टिकल्यांच्या रांगेतलं ते धारदार नाक कोणा सावळ्या बाईला पाहून घडवलेलं नाही. ते फिक्या बाहुलीचं नाक आहे, वर रंग चढवलेलं. केवळ रंग बदलून बाकी सगळं सारखं ठेवण्याला एकदा खरा अर्थ होता. मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी 1940 च्या दशकात अशाच बाहुल्या मुलांपुढे ठेवून वंशभेदाची जखम मोजली आणि 1954 च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तिचा दाखला आला. मानसशास्त्राच्या प्रयोगाला ती अट लागते. कलाकृती तशी घडवायची म्हणजे कलाकारानं चेहऱ्याकडे पाहायचं नाकारणं आहे.

उरली मागणीची सबब, आणि इथे आपल्यालाही जबाब द्यावा लागेल. गडद बाहुल्या खपत नाहीत, असं कंपन्या सांगतात. बधिर चेहऱ्याच्या, फिक्या मेकअपच्या, पांढऱ्या पडद्यापुढे चुकीच्या उजेडात टिपलेल्या, जादा पैशांच्या बाहुल्या खपत नाहीत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पण आपल्याकडचे संग्राहक काय करतात? सीमाशुल्क भरून, महिनोन्‌महिने वाट पाहून जी पेटी येते तिच्यातून बहुधा पांढरी किंवा नॉर्मलच निघते. तिला नऊवारी नेसवतात, नथ घालतात, चंद्रकोर लावतात आणि मराठमोळी म्हणून फोटो काढतात. ज्या घरात पाळण्यातल्या पोरीचा रंग पाहून सुस्कारे सोडले जातात, त्या घरातून दुसरी अपेक्षा कशी करावी? गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमचं नाव 2020 मध्ये बदललं. नजर बदलायला कंपनीची जाहिरात पुरत नाही. नथ घातली की चेहरा मराठी होत नाही. चेहरा घडवावा लागतो, आणि तो घडवा असं सांगणारा गिऱ्हाईक लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी टिकली निवडण्याआधी कंपनीकडे एक फोटो मागा: तेच डोकं, त्याच गडद रंगात, न रंगवलेलं, विगशिवाय, खिडकीच्या साध्या उजेडात. भुवईच्या हाडावर, गालावर, ओठांच्या कडेवर उजेड थांबत असेल तर खुशाल पैसे मोजा, जादा मोजा. असा फोटो मिळत नसेल, तर तो चेहरा त्या रंगात कंपनीनं स्वतःही कधी नीट पाहिलेला नाही असं समजा आणि ऑर्डर देऊ नका.