गरिबांची ॲस्टन मार्टिन

आमचा भाचा इंग्लंडात असतो. परवा त्यानं एका जुन्या गाडीच्या विक्रीची जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, घेऊ का? खरं मत सांग." आता मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण जाहिरात म्हणजे शेवटी वाङ्मयच! माधवनगरात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेखनात खोड्या काढल्या, तर ही का सोडा? चष्मा पुसला आणि परीक्षणाला बसलो.

गाडी १९७२ सालची एमजीबी जीटी. जीटी म्हणजे ग्रँड टूरर. लांबच्या प्रवासाला वेगानं आणि ऐटीत नेणारी. हे मॉडेल १९६५ साली निघालं. छपराची ठेवण इटलीच्या पिनिनफारिनाची. १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोवर अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या झाल्या. तिकडे हिला 'गरिबांची ॲस्टन मार्टिन' म्हणत. हे गरीब कुठल्या गावचे, देव जाणे.

आता कलाकृतीकडे वळू. तीन पानं नुसती यादी आहे. दाराखालचे गंजलेले पत्रे कापून नवे घातले, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर नवे, तारांची चाकं नवी, कातडं नवं, गालिचा नवा, रंग तर विचारूच नका. आणि शेवटी 'अस्सल जुनी गाडी'! अहो, मग जुनं राहिलं काय? आपल्याकडे देवळांचे जीर्णोद्धार असेच होतात. काळ्या पाषाणावर चकचकीत फरशी चढते आणि बाहेर पाटी लागते, 'प्राचीन मंदिर'.

एका ओळीनं मात्र मी हललो. 'बी सीरीजचं १७९८ सीसी इंजिन.' हे घराणं ओळखीचं! आपल्या ॲम्बॅसडरला वर्षानुवर्षं बसायचं ते १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच कुळातलं. म्हणजे ही ऐटबाज बया आमच्या अण्णांच्या ॲम्बॅसडरची सख्खी चुलत बहीण निघाली. एकीनं दोन माणसांना वीकएंडला समुद्रावर नेलं. दुसरीनं नऊ माणसं, एक स्टोव्ह आणि दशम्यांचा डबा घेऊन तासगावचा गणपती केला. ग्रँड टूरर कुणाला म्हणायचं, वाचकांनीच ठरवावं.

समजा, भाच्यानं ती इकडे आणलीच. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची विंटेज पाटी मिळू शकते. नोंदणीचे वीस हजार रुपये. मग ती प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला न्यायची नाही! म्हणजे टूरिंगची गाडी, आणि टूर पंपापर्यंत. आमच्याकडे रिटायर माणसाची स्थिती साधारण अशीच असते.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मागच्या सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, हे जाहिरातीत आहे. त्या सीटवर कोण बसायचं, ते नाही. पन्नास वर्षांत कुणी तरी पोर तिथं ओकलं असेल, कुणी रुसून बसलं असेल. सगळं घासून, पुसून, रंगवून टाकलं.

हे लिहिताना मी जरा अडखळलो. कारण १९९४ साली अण्णांची गाडी विकताना जाहिरात मीच लिहिली होती. 'एकहाती वापर, उत्तम स्थिती.' दोन्ही थापा. गाडी गल्लीतले चौघे तरी चालवत, आणि पावसात डावं दार दोरीनं बांधावं लागे. ताई याच भाच्याला घेऊन दवाखान्यातून घरी आली ती त्याच गाडीतून, हे मी लिहिलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा अण्णा आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. गाडी गेल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "जॅक दिलास का त्याला? डिकीत नव्हता, माळ्यावर होता." जॅक आमच्याकडेच राहिला होता.

भाच्याला कळवलं, "गाडी देखणी आहे. विकणाऱ्याला विचार, मागं कोण बसायचं?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "विचारलं. त्याला माहीत नाही, त्यानं लिलावात घेतली होती. मामा, आपली कुठं गेली?"

मिरजेचा माणूस घेऊन गेला होता. त्याचं नाव मी पावतीवर लिहून घेतलेलं आठवतंय. कालपासून माळा उपसतोय. जॅक सापडला, पावती अजून नाही.