दहा वर्षांनी येणारा उन्हाळा

क्लास ओल्डेनबर्गचे काँक्रीटचे तीन गोळे 1977 मध्ये म्युन्स्टरच्या आझे तळ्याकाठी आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ते तळ्यात लोटून द्यायचा प्रयत्न केला. प्रत्येक गोळ्याचा व्यास साडेतीन मीटर. ते जागचे हलले नाहीत. आज त्याच गोळ्यांच्या सावलीत लोक निवांत बसतात. जर्मनीतल्या या शहरात दर दहा वर्षांनी उन्हाळाभर शिल्पांचा महोत्सव भरतो, ‘स्कुल्प्टूर प्रोयेक्टे’ नावाचा. त्याचे मोठेपण मला या दोन दृश्यांच्या मधल्या काळात दिसते.

त्याचा जन्मच भांडणातून झाला. जॉर्ज रिकीचे वाऱ्यावर फिरणारे तीन चौकोन शहराने घ्यायचे म्हटल्यावर नागरिक खवळले. शेवटी एका बँकेने ते शहराला भेट दिले. आधुनिक शिल्पाची लोकांना ओळख व्हावी म्हणून क्लाउस बुसमान यांनी प्रदर्शनाचा घाट घातला आणि कास्पर कोनिग यांनी कलावंतांना थेट शहरात बोलावले. तयार शिल्प आणून चौकात ठेवायचे नाही. आधी शहर हिंडायचे, जागा शोधायची, मग काम.

हे सर्वांत साधेपणाने पाळले मायकेल ॲशरने. त्याने एक भाड्याचा कॅराव्हॅन दर आठवड्याला शहरात वेगळ्या ठिकाणी उभा केला. 1987, 1997 आणि 2007 मध्येही तेच, शक्य तिथे त्याच जागी. जागा बांधकामाखाली गेली असेल तर त्या आठवड्यात कॅराव्हॅन गॅरेजमध्येच. चारही वेळची छायाचित्रे शेजारी ठेवली की शहर कसे बदलत गेले ते दिसते. घडवलेले काहीच नाही, तरी मी याला म्युन्स्टरचे सर्वोत्तम शिल्प म्हणेन.

2017 च्या खेपेत मात्र डोळे दिपवण्याची ओढ जाणवली. आयशे एर्कमेनने बंदराच्या पाण्याखाली, पृष्ठभागाला लागूनच, चालायची वाट बांधली आणि माणसे पाण्यावरून चालताना दिसू लागली. कल्पना सुंदर, दोन काठ जोडणारी. पण पाहणाऱ्याच्या हाती मुख्यतः एक फोटो उरला. पिएर ह्युइगने बंद पडलेल्या बर्फाच्या रिंकची जमीन खोदून तिथे मधमाश्या आणि पेशींचे एक जग वसवले. ते विलक्षण होते. पण चार भिंतींच्या आत होते, शहराशी त्याचे नाते क्षीण.

खरी खोली होती जेरेमी डेलरच्या कामात. जर्मन शहरांच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागा असतात. तिथल्या बागकाम करणाऱ्यांना त्याने 2007 मध्ये वह्या दिल्या आणि दहा वर्षे रोजनिशी लिहायला सांगितले. हवामान, पेरणी, फुलोरा, बागेतले समारंभ. 2017 मध्ये त्या वह्या बागांमधल्याच एका खोपटात वाचायला ठेवल्या. शहराकडून दहा वर्षांची मेहनत मागणारा आणि ती मिळवणारा दुसरा कलावंत मला ठाऊक नाही.

त्याच उन्हाळ्यात निकोल आयझनमनच्या कारंज्यातल्या एका आकृतीचे मुंडके उडवले गेले, नंतर स्वस्तिक फासले गेले. शहरातल्या नागरिकांनी पैसे उभे केले आणि 2021 मध्ये ते कारंजे त्याच हिरवळीवर कायमचे आले. रिकीला नकार देणाऱ्या शहराने हे केले, आणि त्याला चार दशके लागली.

म्हणूनच महोत्सव पाच वर्षांनी भरवण्याच्या कल्पनेला कोनिग यांनी केलेला विरोध मला पूर्ण पटतो. ते 2024 मध्ये गेले. पुढची खेप 2027 च्या उन्हाळ्यात आहे. जाणार असाल तर नव्या शिल्पांपाशी रांग लावण्याआधी ब्रूस नॉमनच्या पांढऱ्या काँक्रीटच्या खोलगट चौकात उतरा. 1977 ला आखलेला हा चौक 2007 ला बांधून झाला. त्याला तिकीट नाही.